सांगू नकोस, मी शोधते

बाईंना पाटीचा राग आला नव्हता. पाटी फार उंच लावली होती, याचा राग आला होता.

नारायण पेठेतलं चिवड्याचं दुकान. मालकांनी गल्ल्याच्या वर, पार छताला टेकेल अशी पाटी ठोकलेली: 'भाव ऐकून विचार करायचा असल्यास बाहेर भरपूर जागा आहे.' मी बाईंबरोबर सहज गेले होते. बाईंनी मान वर करून पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि मालकांना म्हणाल्या, "अहो, ही पाटी जरा खाली घ्या."

"का? मनाला लागली वाटतं."

"छे छे, मजकूर उत्तम आहे. पण चाकाच्या खुर्चीतून कुणी आलं तर त्याला ती दिसायची नाही. शिवाय अक्षर बारीक. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? अपमान करायचाच तर सगळ्यांचा करावा. ठरावीक लोकांचाच काय म्हणून?"

मालकांनी बाईंकडे नीट पाहून घेतलं आणि "चिवडा किती?" एवढंच विचारलं. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर पाटी खाली आलेली, अक्षर ठसठशीत, आणि तळाला एक नवी ओळ: 'पाटीसंबंधी सूचना करू नयेत.' बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी गरज नसताना दुप्पट चिवडा घेतला.

या बाई मला बी.एड.ला शिकवायला होत्या. कर्वेनगरातल्या आमच्या कॉलेजात त्यांच्याकडे समावेशक शिक्षण हा विषय होता. म्हणजे वर्ग असा आखायचा, की कुठलंच मूल त्यातून बाहेर राहू नये. आता हा विषय असा आहे, की परीक्षेत त्यावर पानंच्या पानं लिहिता येतात आणि वर्गात शिरल्यावर पहिल्या बाकाच्या पलीकडे तो आठवत नाही. बाईंना मात्र तो रस्त्यात, रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही आठवायचा. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी आणि त्याखाली कॅनव्हासचे बूट. खांद्याला खादीची पिशवी आणि पिशवीत आलेपाकाचा चपटा पत्र्याचा डबा. त्यांना कुणी मॅडम म्हटलेलं चालत नसे. "मी काय कुणाची साहेब आहे? बाई म्हणा," असं म्हणत.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. "यात कोण नाही?" गणपतीचा मांडव असो, बँकेतली रांग असो, बाई क्षणभर थांबून चारी बाजूंनी बघत आणि विचारत, "यात कोण नाही?" एकदा कॉलेजच्या ग्रुप फोटोच्या वेळी सगळे ऐटीत उभे राहिलो असताना बाईंनी खुर्चीतून तोच प्रश्न केला. कॅमेरा घेऊन उन्हात उभा असलेला फोटोग्राफर वैतागून म्हणाला, "मी नाही, बाई." बाई खूश. त्याला आमच्यात उभं केलं आणि तो फोटो प्राचार्यांनी काढला. म्हणून त्या फोटोत प्राचार्य नाहीत.

बुधवार पेठेतल्या दुकानात बाई दाराची घंटी घ्यायला गेल्या, की तिथल्या सगळ्या घंट्या वाजवून बघत. ऐकू न येणाऱ्यासाठी दिवा लागतो का, बटण अंधारात चाचपून सापडतं का, अशी उलटतपासणी चाले. "डोळे मिटून बसवता येईल का हो ही?" असं त्यांनी विचारल्यावर दुकानदार म्हणाला होता, "घरी नेऊन काय मिटायचं ते मिटा. इथे गिऱ्हाईक खोळंबलंय." बाईंना अशा उत्तरांचा राग येत नसे. उलट ती त्या घोळवून घोळवून आम्हाला सांगत.

आमच्या पहिल्या तासाला त्या आल्या त्या थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. ही त्यांची सवय होती. कुठल्याही वर्गात आधी शेवटच्या बाकावर बसायचं. इथून जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते फळ्याशी उभं राहून शिकवण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथून त्या म्हणाल्या, "या वर्गात मी एक खजिना लपवलाय. पहिली खूण फळ्यावर आहे. लागा शोधायला."

आम्ही सगळे पदव्या घेतलेले घोडे, पण खजिना म्हटल्यावर पाचवीतल्या पोरांसारखे तुटून पडलो. फळ्यावरची खूण पार कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. पुढची खूण बाईंनी खिडकीकडे तोंड करून, पुटपुटत सांगितली. तिसरी कपाटाच्या डोक्यावर. चौथी फाडफाड इंग्रजीत. पाचवी टेबलाच्या खालच्या अंगाला चिकटवलेली, म्हणजे जमिनीवर लोळण घेतल्याशिवाय दिसणार नाही. आणि तिच्यावर लिहिलं होतं: 'खजिन्यात काय आहे ते ओळखा आणि वर्गासमोर मोठ्याने सांगा.' त्याखाली आल्याचं आणि साखरेचं चित्र.

ती चिठ्ठी माझ्या हातात आली होती. उत्तर मला कळलंही होतं. मी ती चिठ्ठी शेजारच्याला दिली. तो "आलेपाक!" म्हणून ओरडला आणि आमचा गट जिंकला.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी बोलताना अडखळते. अडखळते म्हणजे नुसतं चाचरणं नव्हे. शब्द ओठांशी येतो आणि दार लावून बसतो. आतून कितीही धक्के मारा. माझं अक्षर फार सुंदर आहे असं सगळे म्हणतात. ते उपजत नाही. शाळेत बोलायचं काम मला कुणी दिलंच नाही, म्हणून प्रत्येक वर्गात लिहायचं काम माझ्याकडे आलं. फळ्यावरचा सुविचार मी लिहायचा, स्नेहसंमेलनात सजावट मी करायची, वक्तृत्व स्पर्धेत वेळ मी मोजायची. सगळं प्रेमानेच चाललेलं. कुणी कधी टिंगल केली असती तर भांडता तरी आलं असतं. पुढे लग्नाच्या बैठकींत तर माझी मावशी "आमची मुलगी अगदी मितभाषी आहे" असं सांगायची आणि समोरच्या सासूबाईंचा चेहरा उजळायचा.

आणि मला शिकवायचं होतं. लहानपणापासून. बी.एड.ला नाव घातलं तेव्हा घरच्यांना वाटलं, मुलगी कागद गोळा करतेय, करू दे. माझ्या आतेभावाने त्याच्या ओळखीने बाणेरच्या एका कंपनीत माझ्यासाठी लिखाणाची नोकरी बघून ठेवली होती. दिवसभर कानाला हेडफोन, समोर स्क्रीन, कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. "तुझ्यासाठी बेस्ट आहे," तो म्हणाला होता. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. अंतिम पाठ झाला की मी होकार-नकार कळवायचा होता. पाठ म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, परीक्षकांच्या देखत घ्यायचा तास. तो घेता येणार नाही हे मला ठाऊक होतं. नुसता दिवस ढकलत होते.

तर त्या पहिल्या तासाला, आम्ही टाळ्या पिटून झाल्यावर बाई म्हणाल्या, "सापडला? वा. आता ज्यांना या खेळात काहीच करता आलं नाही, त्यांनी पुढे या."

आधी कुणी हललं नाही. मग जिला सातवा महिना चालू होता ती हसत पुढे गेली. चष्म्याचा नंबर मोठा असलेला एक जण गेला. चंद्रपूरकडची एक मैत्रीण गेली आणि म्हणाली, "मले त ते इंग्रजीतलं काहीच समजलं नाही बाई. मी आपली सगळ्यायच्या मागं मागं."

"हा खेळ कुठे मोडला ते यांना विचारा," बाई म्हणाल्या. "जिंकलेल्यांना ते कधीच सांगता येत नाही. मी खेळ मुद्दाम वाईट आखला होता. तुम्ही शाळेत जाऊन चांगल्या मनाने असाच आखाल."

मी पुढे गेले नव्हते. बाई डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "चिठ्ठी तुझ्या हातात होती ना? मग वाटप तू कर." मी आलेपाक वाटला. मनात म्हटलं, झालं, इथेही मला न बोलण्याचंच काम मिळालं.

बाईंचं एक खूळ तेव्हा जोरात होतं. दर सोमवारी त्या स्वतःच्या कुठल्या तरी अवयवाला सुट्टी देत. एखाद्या सोमवारी उजव्या हाताला सुट्टी. मग डाव्या हाताने फळ्यावर कोंबडीचे पाय काढत. एखाद्या सोमवारी कानात कापूस. आम्हाला मजा वाटायची. आणि एका सोमवारी त्या वर्गात येऊन म्हणाल्या, "आज आ... आ... आज आपण..."

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि मुद्दाम बघत नव्हतं. मी दप्तर उचललं आणि निघाले.

बाई जिन्यात मागून आल्या. मला इतका संताप आला होता, की तोंडातून शब्द निघणं शक्यच नव्हतं. मी मोबाइलवर टाइप केलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं: 'उजव्या हाताला तुम्ही मंगळवारी परत कामावर घेता. माझं मंगळवारी काय?'

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, त्या पाटीसारखंच. मग तिथेच पायरीवर बसल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरून त्याच्या खुर्चीत बसण्यातला प्रकार झाला हा. आजपासून बंद." आणि खरोखरच बंद केलं. वर्गालाही तसं सरळ सांगितलं. मग मला म्हणाल्या, "तेव्हा आता विचारूनच घेते. तुला लागतं काय?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी उपाय सांगितले होते, आजीने ज्येष्ठमध दिला होता, काकाने श्वासाचे व्यायाम शिकवले होते. काय लागतं, ते कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तर लगेच सुचलं, आणि अर्थातच त्या शब्दाने दार लावून घेतलं.

लोक अशा वेळी काय करतात ते मला पाठ आहे. मान हलवतात, धीराचं हसतात, शब्द सुचवतात, नाही तर बुटाकडे बघतात. बाईंनी यातलं काही केलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. आता यातून काय बाहेर येतंय बरं, अशा नजरेने. तो धीर नव्हता. मला धीर धरणाऱ्या माणसांचा वीट आला होता. धीर धरणारा माणूस आतून सोसत असतो. बाई काही सोसत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वेळ," मी म्हणाले.

"एवढंच?" बाई पदर झटकत उठल्या. "मला वाटलं लिफ्ट मागतेस."

अंतिम पाठासाठी मला नारायण पेठेतली एक मराठी शाळा मिळाली. पाचवी, विषय दिशा आणि नकाशा. मी खजिन्याचा खेळच आखला आणि जीव ओतून आखला. सगळ्या खुणा सगळ्यांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर. एक खूण वासाची, कापराच्या पुडीची. एक दोरीच्या गाठींची, चाचपून ओळखायची. मोठ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, त्याच मजकुराची चित्रं. ज्याला धावता येत नाही त्याला बसून सोडवता येईल असा नकाशा. पाठाची आखणी घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी ती आलेपाक चघळत सावकाश वाचली.

"झकास," त्या म्हणाल्या. "आता सांग, यात कोण नाही?"

मी एकेक मूल डोळ्यांसमोर आणलं. दिसत नाही ते आहे. ऐकू येत नाही ते आहे. वाचता येत नाही ते आहे. लाजतं ते आहे. "सगळे आ... आहेत."

"नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. कोणी सुटलेलं दिसेना.

"पाठ घेणारी कुठाय?" बाई म्हणाल्या. "सगळं चिठ्ठ्यांनीच चाललंय. तू घरी झोपलीस तरी हा तास होईल. पोस्टमनने पाकिटं टाकली की झालं. अगं, सगळ्यांना आत घेतलंस आणि स्वतः दाराबाहेर राहिलीस. यात कोण नाही? तू नाहीस."

मला रडू आलं. रागही आला. मी म्हणाले, म्हणजे बऱ्याच वेळाने म्हणाले, की पोरं हसतील.

"हसतील. मग?"

"शब्द पळवतील." माझ्या तोंडचा शब्द पूर्ण करून टाकतात, याची मला हसण्यापेक्षा जास्त चीड होती.

बाईंनी आखणी पुन्हा एकदा चाळली. "पळवतात म्हणजे खेळात खोट आहे. खेळाला नियम हवा," त्या म्हणाल्या. "तो तू कर. मला यातलं काय कळतंय!"

पाठाच्या दिवशी मी फळ्यावर माझ्या प्रसिद्ध अक्षरात लिहिलं: 'दुसऱ्याचा शब्द पळवायचा नाही.' बाई सवयीप्रमाणे आधीच येऊन शेवटच्या बाकावर पिशवी ठेवून गेल्या होत्या, परीक्षकांना आणायला. मला एक कल्पना सुचली. शेवटची खूण मी बदलली आणि खजिन्याचा डबा, आलेपाकाचाच, बाईंच्या पिशवीत सरकवला. मुलांनी शेवटी बाईंपाशी जाऊन, आपली दिशा सांगून तो मागायचा, अशी योजना.

परीक्षक घड्याळ टेबलावर काढून ठेवणारे होते. बाई मागे बसल्या. मी पुढे उभी राहिले. पहिली खूण या वेळी चिठ्ठीत नव्हती, ती मला बोलायची होती. 'उत्तरेच्या भिंतीकडे बघा.' मी तोंड उघडलं आणि 'उ' अडकला.

"उजवीकडे!" एक मुलगा ओरडला. "उठा!" दुसरा. दोन-चार जण हसले. मग पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी ताडकन उभी राहिली आणि फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ए, चीटिंग नाही हां! नियम वाचा!"

नियम म्हटल्यावर पोरं वाटेल ते करतात. अख्खा वर्ग तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे बघायला लागला. आणि त्यांच्या चेहऱ्यांवर मला ती नजर दिसली, जिन्यातली. काय बाहेर येतंय बरं?

"उत्तरेच्या भिंतीकडे बघा," मी म्हणाले.

"बाई, तुमचं बोलताना अडकतं का?" त्या मुलीने विचारलं.

"हो. अडकतं. मग सु... सुटतं."

"ओके," ती म्हणाली आणि उत्तर शोधायला लागली.

दुसरी खूण वाचायला मी मागच्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं. ती अक्षरावर बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचायची. वाचनाच्या तासाला तिला तिच्या वर्गाच्या बाई पाणी आणायला पाठवतात, असं मला मुलांनीच आधी सांगितलं होतं. अगदी माझ्यासारखंच, प्रेमाने. ती उभी राहिली आणि सवयीने कोपऱ्यातल्या पाण्याच्या तांब्याकडे बघायला लागली. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने वाचायला सुरुवात केली. 'पू... र्वे... च्या...' परीक्षकांनी घड्याळ उचलून कानाला लावलं, चालू आहे ना बघायला. मला तिला थांबवता आलं असतं. चित्राची चिठ्ठी दाखवून खेळ पुढे नेता आला असता. पण वर्गात कुणी शब्द पळवत नव्हतं, आणि तिलाही ते कळलं होतं. ती मधेच मान वर करून सगळ्यांकडे बघायची, हसायची आणि पुढचं अक्षर जोडायची. तिचं वाक्य पूर्ण झालं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी पूर्वेच्या खिडकीकडे धावली.

खजिना सापडायच्या आत घंटा झाली.

बी.एड.मध्ये अपूर्ण पाठ म्हणजे पाप. परीक्षक उठले आणि म्हणाले, "पाठ पूर्ण झाला नाही. मूल्यमापन राहून गेलं."

"झालं की," बाई मागून म्हणाल्या. "तुम्ही घड्याळ कानाला लावलं होतं तेव्हा झालं."

मला गुण जेमतेम मिळाले. बाई त्याच पावली पिशवी खांद्याला अडकवून परीक्षकांबरोबर रिक्षात बसल्या, दुसऱ्या शाळेतला पाठ होता. पोरं मला घेरून "बाई, खजिना? खजिना कुठाय?" करत राहिली. खजिना कर्वे रोडने चालला होता. दुसऱ्या दिवशी मी नवा आलेपाक घेऊन शाळेत गेले, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

पाठाच्याच दिवशी संध्याकाळी मी बाईंना फोन केला. फोन म्हणजे माझा वैरी. समोर चेहरा नसतो, आणि मी गप्प राहिले की लोक "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतात. बाईंनी उचलला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. वाट बघत राहिल्या. मी सांगितलं, बाणेरच्या नोकरीला नाही म्हणून कळवलंय. मी शाळेतच अर्ज करणार आहे.

"हं," बाई म्हणाल्या. एवढंच. मग मी डब्याचं सांगायला गेले. "बाई, तो खजिना तु..."

"सांगू नकोस!" त्या ओरडल्याच. "मी शोधते."

आणि तिथून ते सुरू झालं. बाईंना एखादा अंदाज सुचला की त्या मला मिस्ड कॉल देत. पुरता फोन कधी करत नसत. मग मी उलटा फोन लावायचा. उचलून त्या गप्प. मी 'बाई' म्हणेपर्यंत गप्पच. मग एकदम, "नकाशाच्या मागे?"

"ना... नाही."

"डस्टरमध्ये?"

"डस्टरमध्ये डबा कसा मा... मावेल?"

"परीक्षकांच्या टोपीत?"

"त्यांना टोपी नव्हती, बाई."

मग विषय निघायचे. माझी नवी शाळा, तिथले मुख्याध्यापक, माझ्या वर्गात मी कोणता खेळ घेतला, त्यात कोण नव्हतं. वर्षं गेली. मी शाळेत रुळले. पालकसभेत बोलले, पुढे फोनवर पालकांशी भांडलेसुद्धा. अडकायचं ते अडकतंच अजून. बाई निवृत्त झाल्या, तरी मिस्ड कॉल येत राहिले आणि अंदाज एकापेक्षा एक गचाळ. मला नवल वाटायचं. दुकानातली पाटी किती उंचावर आहे ते एका नजरेत ओळखणाऱ्या बाई, त्यांना स्वतःची पिशवी कशी सुचत नाही? मी मनाशी धरून चालले होते, की दोन्ही डबे सारखेच होते, त्यांनी आपलाच समजून कधीच खाऊन टाकला असणार. मला हसू यायचं. पण सांगायचं नाही ठरलं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मिस्ड कॉल थांबले. मी फोन केला तर त्यांच्या वहिनींनी उचलला. बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. "शब्द येत नाहीत गं तिला," वहिनी म्हणाल्या. "कळतं सगळं, पण येत नाहीत." बाईंनी लग्न केलं नव्हतं, नारायण पेठेत भावाच्याच घरी राहत.

मी गेले. बाई खिडकीशी उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला. मला ते सोमवार आठवले. मी त्या हाताकडे बघायचं टाळलं आणि मग वाटलं, टाळू नये, म्हणून बघितलं.

मला बघून बाईंचा चेहरा फुलला. त्यांनी तोंड उघडलं. "पि..."

"पाणी हवंय का?" वहिनी लगेच उठल्या. "पिऊन झालंय ना आत्ता? पंखा करू? पांघरूण देऊ?" वहिनी मायेने सगळं करत होत्या. दिवसभर तेच करत असणार. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"वहिनी," मी म्हणाले, "थां... थांबा जरा."

वहिनी थांबल्या. बहुतेक माझ्या अडखळण्यानेच गोंधळून थांबल्या. मी खुर्ची पुढे ओढली आणि बाईंच्या तोंडाकडे बघत बसले. खाली रस्त्यावर कुणी तरी स्कूटरची किक मारत होतं. मला काही सोसावं लागत नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पि... श... वी," बाई म्हणाल्या.

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. "बरोबर! बाई, पि... पिशवीतच! तुमच्या! मला वाटलंच होतं, तुम्ही आपलाच डबा समजून..."

बाईंनी डावा हात वर केला. थांब. अजून होतं. वहिनींनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो.

"शि... ळा," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ. "हो... ता."

"काय शिळा होता?" मी विचारलं. "आलेपाक? क... कधी खाल्लात?"

या शब्दाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. ओठ एका बाजूला ओढले जात होते, पण डोळे चक्क चावट झाले होते.

"रि... क्षात."

म्हणजे त्याच दिवशी. मी पोरांच्या घेऱ्यात उभी होते तेव्हा. मी संध्याकाळी फोन केला त्याच्याही आधी. मग ते डस्टर, ती टोपी, ते नकाशाच्या मागे, ते सगळे मिस्ड कॉल? मी 'मग इतकी वर्षं' असं म्हणायला गेले आणि 'मग'वरच अशी अडकले, की काही केल्या पुढे सरकेना.

बाईंनी डावा हात उशीखाली घातला आणि मोबाइल काढला. अंगठ्याने हळूहळू काहीतरी केलं. माझ्या पर्समध्ये फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

"कुणाचा गं?" वहिनींनी विचारलं.

मी तिथे, त्यांच्यासमोर बसून, बाईंना फोन लावला. त्यांनी उचलला, डाव्या कानाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. नेहमीसारख्याच काही बोलल्या नाहीत. सुरुवात मलाच करायची होती.